ओरडतोय म्हणजे जिवंत आहे

शुक्रवारी दुपारी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते, तेवढ्यात दादाचा फोन आला. "कॉम्प्युटर बोलत नाहीये," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी हसले असते. पण माझ्या भावाचा कॉम्प्युटर खरंच बोलतो. पन्नाशीच्या आसपास काचबिंदूने त्याची नजर गेली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं धूसर झालं, आणि आता उजेड कुठल्या बाजूने येतोय एवढंच त्याला कळतं. नोकरी सुटली. त्यानंतर बराच काळ तो काळाचौकीच्या आमच्या जुन्या खोलीत नुसता बसून असायचा. रेडिओ चालू, आणि हा खिडकीकडे तोंड करून. कुणी काही विचारलं तर 'हो', 'नाही', 'बघू'.

मग वहिनीने त्याला जवळजवळ ढकलतच दादरच्या एका संस्थेत नेलं. तिथे तो स्क्रीन रीडर शिकला. पडद्यावर जे असेल ते हा प्रोग्राम मोठ्याने वाचून दाखवतो आणि माणूस नुसत्या कीबोर्डवर सगळं काम करू शकतो. दादा त्यात असा काही रमला की संस्थेने त्यालाच विचारलं, "तुम्ही शिकवाल का?" उशिरा नजर गेलेल्या माणसांचा छोटा वर्ग घ्यायचा, घरी बसून, ऑनलाइन. दादाने लगेच हो म्हटलं. सोमवारी सकाळी पहिला तास होता, आणि शुक्रवारी कॉम्प्युटर गप्प झाला.

"स्पीकरची वायर बघितलीस?" मी विचारलं.

"पहिलं तेच बघितलं. हेडफोन लावून पण बघितलं."

"मग?"

"मग तू ये. आतला पंखा फिरतोय, ते ऐकू येतंय मला. पण कॉम्प्युटर चालू झालाय का नुसता पंखाच फिरतोय, ते कोण सांगणार?"

संध्याकाळी मी दादरला घरी न जाता थेट काळाचौकी गाठली.

दादाला मॉनिटर लागत नाही, म्हणून वहिनीने तो माळ्यावर टाकला होता. आम्ही दोघींनी तो खाली काढला, पुसला, जोडला. दादाने बटण दाबलं. पंखा घुमला. मॉनिटरवर निळी चौकट आली आणि तिच्यात इंग्रजीत लिहिलेलं, सिग्नल नाही. थोड्या वेळाने तीही गेली.

"दादा," मी एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने सांगायला लागले, "पडद्यावर, काहीच, येत नाहीये."

"अगो, ओरडतेस कशाला? डोळे गेलेत माझे, कान नाही."

वहिनी हसली. मी ओशाळले. त्याची नजर गेल्यापासून मी त्याच्याशी अशीच बोलत आले होते, लहान मुलाशी बोलावं तशी, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

"म्हणजे सीपीयूच बंद पडला," मी म्हटलं.

"सीपीयू म्हणजे आतली चिप. तू ज्याला सीपीयू म्हणतेस तो नुसता पत्र्याचा डबा आहे, कॅबिनेट. त्याच्या आत मदरबोर्ड. सगळं त्या बोर्डाला जोडलेलं असतं. तोच जागा झाला नाही तर पुढचं कुणीच जागं होत नाही." इतकं सलग तो कितीतरी दिवसांनी बोलला होता. नजर शाबूत होती तेव्हा त्याने हा कॉम्प्युटर स्वतःच्या हातांनी जोडला होता. "उद्या लॅमिंग्टन रोडला जाशील, कॉम्प्युटरच्या दुकानांत? एक बारका स्पीकर आण, मदरबोर्डला लावायचा. बोर्डाला काही दुखलंखुपलं तर तो त्यातून बीप करून सांगतो. माझ्या डब्यात तो नाहीच आहे. तेव्हा वाटलं होतं, कशाला पाहिजे."

शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी गेले. दुकानदार भला माणूस होता. सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "पंखा फिरतोय आणि डिस्प्ले नाही म्हणजे बोर्ड गेला असणार, मॅडम. आणि एवढा जुना बोर्ड आता मिळत नाही. बोर्ड बदललात की प्रोसेसर बदला, रॅम बदला. त्यापेक्षा अख्खं नवीनच घ्या ना."

क्षणभर मलाही ते पटलं. पण नवीन मशीन आणून, त्यात दादाच्या सवयीचं सगळं बसवून सोमवारी सकाळी तयार ठेवणं काही शक्य नव्हतं. शिवाय दादाने नवीन मशीन मागितलंच नव्हतं, त्याने स्पीकर मागितला होता. मी स्पीकर घेतला. शेंगदाण्याएवढा काळा तुकडा आणि त्याला दोन वायरी. दुकानदाराने तो कुठल्याशा खणाच्या तळातून शोधून काढला.

रविवारी सकाळी कॅबिनेट जेवणाच्या टेबलावर आडवं ठेवून त्याची बाजू उघडली. आत धुळीची जाळी लोंबत होती. वहिनीने रंगाचा ब्रश आणला आणि मी ती झटकली. दादाने आधी आतल्या पत्र्याला हात लावला आणि मलाही लावायला सांगितला. अंगातली वीज बोर्डावर उतरू नये म्हणून.

"आता खालचा उजवा कोपरा बघ. तिथे बारीक पिनांची रांग असेल."

"खाली उजवीकडे काही नाही."

"असणारच."

"अरे नाहीये दादा! इथे नुसता स्क्रू आहे."

"नीट बघ, चष्मा लाव."

"चष्मा लावलाय. तुझ्या डोक्यात जे आहे ते इथे नाही!"

मला वाटलं, जास्तच बोलले. मग त्याने बोर्डाच्या कडेवरून हळूहळू हात फिरवला, मागच्या बाजूला जिथे वायरी खोचतात तिथपर्यंत, आणि म्हणाला, "डबा उलटा ठेवलास तू. माझं खाली म्हणजे तुझं वर. वरचा डावा कोपरा बघ."

तिथे पिना होत्या. शेजारची अक्षरं इतकी बारीक, की मोबाइलने फोटो काढून तो मोठा करूनच ती वाचता आली. मी एकेक अक्षर वाचून दाखवलं, त्याने सांगितलं, "हां, तीच," आणि मी स्पीकर खोचला.

दादाने बटण दाबलं. पंखा फिरला. आणि नेमका त्याच वेळी खाली मंडळाचा ढोल सुरू झाला. गणपती जवळ आले होते आणि दर रविवारी चाळीच्या पटांगणात सराव चालायचा.

"वाजलं का?" दादाने विचारलं.

"ह्या ढोलात काय ऐकू येणार?"

खिडक्या लावल्या, छतावरचा पंखा बंद केला, तरी ढोल भिंतीतून येतच राहिला. शेवटी वहिनी गॅलरीत गेली आणि कठड्यावरून वाकून ओरडली, "अरे ए, जरा थांबा रे पाच मिनिटं! आम्हाला ऐकायचंय!"

"काय ऐकायचंय वहिनी?" खालून कुणीतरी विचारलं.

"कॉम्प्युटर!"

खाली हशा पिकला, पण ढोल थांबला. अख्ख्या पटांगणात शांतता. दादाने कॅबिनेटपाशी कान नेला आणि परत बटण दाबलं. पंख्याची घरघर. दुसरं काही नाही. त्याने बंद करून पुन्हा चालू केलं. तेच. मी त्या शेंगदाण्याकडे बघत होते, जसं काही बघून तो वाजणार होता.

"झालं का वहिनी?" खालून हाक आली.

वहिनीने हाताने 'चालू द्या' अशी खूण केली आणि ढोल परत सुरू झाला.

दादा खुर्चीत मागे टेकला. "बीपसुद्धा नाही म्हणजे दुकानदार म्हणाला तेच. बोर्ड गेला." मग तो म्हणाला, "उद्या संस्थेत फोन करून सांगतो. दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणतो वर्ग."

"मोबाइलवरून नाही का घेता येणार?" वहिनीने विचारलं.

"कीबोर्ड शिकवायचाय गं. समोर कीबोर्डच नसेल तर काय शिकवू?"

तो पुन्हा खिडकीकडे वळला. त्याचं ते वळणं मला ओळखीचं होतं आणि मला त्याची भीती वाटली. वहिनी म्हणाली, "आधी जेवून घ्या."

बांगड्याचं तिखलं होतं. दादा मासे खाताना काटे स्वतःच काढतो, कुणाला हात लावू देत नाही. बोटांनी काटा चाचपायचा, सोडवायचा, ताटाच्या कडेला ठेवायचा. खालचा ढोलही जेवायला गेला होता. अर्ध्या जेवणात दादा एकदम म्हणाला, "सगळं काढूया."

"काय काढूया?"

"बोर्ड. डब्यातून बाहेर. जे जे काढता येईल ते काढायचं. रॅम, हार्ड डिस्क, पुढच्या वायरी, सगळं. नुसता बोर्ड, त्यावरची चिप आणि वीज. एवढ्यावर काय करतो ते बघायचं. गेलाच असेल तर निदान खात्रीने गेला म्हणता येईल."

हात धुऊन आम्ही लागलो. स्क्रू त्याने काढले. बोटाने डोकं शोधायचं, त्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, फिरवायचा. निघालेला स्क्रू मी वाटीत टाकायचे. एक स्क्रू त्याला सापडेना, तो मी दाखवला. एक घरंगळून टेबलाखाली गेला, तो वहिनीने शोधला. बोर्ड बाहेर आला तो मी दोन्ही हातांवर घेतला, तान्हं मूल घ्यावं तसा, आणि पुठ्ठ्यावर ठेवला. रॅमच्या दोन पट्ट्या काढून बाजूला ठेवल्या. विजेच्या वायरी डब्यातून ओढून बोर्डाला जोडल्या, मॉनिटरचीही लावली.

"पण बटण तर डब्यावर राहिलं," मी म्हटलं. "चालू कसं करायचं?"

"बटण म्हणजे काय, दोन पिना एकमेकींना टेकवणं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टेकवायच्या. क्षणभरच."

"शॉक बसेल!"

"नाही बसत. मी केलंय पूर्वी."

"तेव्हा तुला दिसत होतं."

"आता तुला दिसतंय ना."

शेवटी स्क्रू ड्रायव्हर त्याने धरला आणि त्याचं मनगट मी. "जरा डावीकडे. अजून. थांब, पुढे गेलास. मागे ये. हां, आता खाली टेकव."

टोक टेकलं. पंखा फिरायला लागला. आणि त्या शेंगदाण्याएवढ्या स्पीकरमधून एक लांबलचक, कर्कश बीप निघाली. थांबली. परत निघाली. परत थांबली.

"काय ओरडतंय ते?" वहिनी मोरीतून धावत आली.

"ओरडतोय!" दादा उभाच राहिला. "ओरडतोय म्हणजे जिवंत आहे!"

"अरे पण ओरडतोय म्हणजे बिघडलंय ना काहीतरी?"

"आपणच रॅम काढली ना! रॅम नाही म्हणून तक्रार करतोय तो. तक्रार करायला आधी शुद्धीवर असावं लागतं. चिप चालू आहे, बोर्ड चालू आहे. तो म्हणतोय, माझी रॅम द्या!"

मी एक पट्टी उचलून त्याच्या हातात दिली. त्याने ती दोन्ही अंगठ्यांनी खाचेत बसवली, दोन्ही बाजूंची खटखट ऐकली. पुन्हा मनगट, पुन्हा टोक. या वेळी एकच छोटी बीप. मॉनिटरवर पांढरी अक्षरं उमटली आणि मी ती वाचून दाखवायला लागले. दादाने हातानेच मला थांबवलं. त्या एका बीपमध्ये त्याला सगळं कळलं होतं.

मग आम्ही बोर्ड परत डब्यात बसवला. सगळे स्क्रू, सगळ्या वायरी. बाहेर काढण्यापेक्षा आत बसवणं जास्त जिकिरीचं निघालं. माझी पाठ मोडून आली. दादाने कॅबिनेटचं बटण दाबलं. पंखा फिरला. बीप नाही, पडद्यावर काही नाही. सकाळी होतं तसंच.

मला रडूच आलं. "जाऊ दे हे," मी म्हटलं, "आपल्या हातचं नाही."

आणि दादा हसत होता. कितीतरी दिवसांनी मी त्याला असं हसताना बघत होते.

"तुला हसू येतंय?"

"अगो, बरं झालं. बाहेर चालतो आणि आत चालत नाही. म्हणजे दोष बोर्डात नाहीच आहे, डब्यात आहे. अर्धं काम झालं आपलं. आता पुढच्या वायरी सोड सगळ्या. बटणाची, दिव्यांची, सगळ्या. मग एकेक लावत जाऊ."

वायरी सोडून स्क्रू ड्रायव्हरने चालू केलं. बीप झाली. बटणाची वायर लावली आणि बटण दाबलं. बीप. दिव्याची वायर लावली. बीप. दुसऱ्या दिव्याची. बीप. शेवटची वायर राहिली, तिच्यावर रीसेट लिहिलेलं. ती लावली आणि सगळं गप्प. काढली, बीप. परत लावली, गप्प.

"हेच," दादा म्हणाला. त्याने कॅबिनेटच्या दर्शनी भागावर अंगठा फिरवला. मोठं बटण, त्याखाली एक बारीक बटण. बारीक बटणावर अंगठा थांबला. "हे आत रुतलंय. हे दाबलं की बोर्ड सगळं सोडून पहिल्यापासून सुरुवात करतो. आणि दाबलेलंच राहिलं तर सुरुवात करायचीच वाट बघत बसतो. बघ काय अडकलंय."

मी मोबाइलचा टॉर्च मारला. बटणाच्या कडेने लाल-पिवळा थर साचला होता, पावसाच्या ओलीने फुगून घट्ट बसलेला. नखाने खरवडला आणि वास घेतला.

"वहिनी," मी म्हटलं, "दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करतेस ना तू?"

"दर वर्षी करते. का?"

"हळद-कुंकू कुठे लावतेस?"

वहिनीने वाकून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. दर दसऱ्याला ती ओल्या बोटाने नेमकं तिथेच, बरोब्बर मधोमध, हळद-कुंकू लावत आली होती. "अगो बाय! मीच मारलं म्हणायचं ह्याला!"

"मारलं नाहीस," दादा म्हणाला. "पूजेत काही चुकलं नाही, फक्त जागा चुकली. पुढल्या वर्षी मागच्या बाजूला लाव."

वहिनी एवढी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. रीसेटची वायर आम्ही सोडूनच ठेवली. त्या बटणावाचून काही अडत नाही, असं दादा म्हणाला. उरलेलं सगळं जोडलं, बाजूचा पत्रा लावला आणि दादाने बटण दाबलं. जरा वेळ काहीच झालं नाही. मग मोठ्या स्पीकरमधून तो आवाज आला, सपाट आणि इतका भरभर की मला एक अक्षर कळेना. दादा तो तसाच भरधाव ऐकतो. तो कीबोर्डवर हात ठेवून मान जराशी कलती करून ऐकत होता, मधूनच एखादी कळ दाबत होता, आणि त्याचे खांदे हळूहळू सैल होत होते.

"मला पण ऐकव ना नीट," मी म्हटलं.

त्याने कुठल्यातरी कळा दाबून वेग कमी केला. मग त्या आवाजाने उद्याच्या तासाची टिपणं शांतपणे वाचून दाखवली. पहिली ओळ होती, 'कीबोर्डवर दोन कळांना बारीक उंचवटे असतात. ते बोटांनी शोधा. तिथून सगळं घर सापडतं.' मी ते शेवटपर्यंत ऐकलं.

सोमवारी मला ऑफिस होतं. दुपारी वहिनीचाच फोन आला. तास चांगला झाला म्हणाली. वर्गात एक निवृत्त शिक्षिका होत्या, साखरेच्या आजाराने डोळे गेलेल्या. त्या कळ दाबायलाच घाबरत होत्या, आपल्या हातून काही बिघडेल म्हणून. दादा त्यांना म्हणाला, "दाबा हो बाई. काही मोडत नाही. मोडलंच तर उघडून बघू."

"असा बोलत होता," वहिनी म्हणाली, "की मी स्वयंपाक सोडून दारात उभी राहून ऐकत होते."

तो वर्ग संपून आता दुसरा सुरू झालाय. त्या बाईंनी मधे एकदा सगळ्या वर्गाला मेल पाठवला. चुकांनी भरलेला, पण पूर्ण स्वतः लिहिलेला. दादाने तो मला फोनवर ऐकवला आणि वर विचारलं, "ऐकलंस ना? परत लावू?"

मी बहुतेक रविवारी काळाचौकीला जाते. पूर्वीही जायचे, पण तेव्हा औषधं घेऊन, त्याचे कुठले कुठले कागद भरायला, आणि निघताना मन जड व्हायचं. गेल्या रविवारी गेले तर दादा टेबलापाशी बसला होता, जुनी हार्ड डिस्क काढून नवी बसवत. वहिनी बाजारात गेली होती. मी पर्स ठेवली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"काही बघून सांगू?"

"नको, सापडतंय. तू चहा टाक."

मी आत जाऊन चहा टाकला. आलं किसताना मला बाहेरून त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मधेच तो कुठल्यातरी स्क्रूला शिवी घालत होता.